पगार शिकवण्याचाच मिळतो, मग हा वेगळा निधी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अध्यापन सुधारण्यासाठी प्राध्यापकांनी केलेले अनुदानाचे अर्ज मी वाचते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘वर्गातल्या सगळ्यांना समजेल असं शिकवणं हे त्यांचं कामच आहे. त्यासाठी पुन्हा पैसे कशाला?’

काम त्यांचंच आहे, हे मला मान्य आहे. पण ते करायला लागणारा वेळ त्यांच्या वेळापत्रकात कुठेच नसतो. म्हणून हा निधी.

पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा वर्ग घ्या. एक विद्यार्थी अंध आहे, एकीला कमी ऐकू येतं, काहीजण रात्रपाळी करून येतात, काहींचं शालेय शिक्षण वेगळ्या भाषेत झालंय. एखाद्याला डिस्लेक्सिया आहे आणि त्यानं तो कुणाला सांगितलेला नाही. शिक्षक आलेखावर बोट ठेवून म्हणतात, ‘हे बघा, इथून हा असा वर जातो.’ अंध विद्यार्थ्याच्या हाती त्यातलं काहीच लागत नाही. मग प्रत्येक आलेखाचं शब्दांत वर्णन लिहायला हवं. शिकवण्याच्या टिपणांत ते त्या मानानं सोपं. परीक्षेच्या प्रश्नात मात्र आलेख पूर्ण कळला पाहिजे आणि उत्तरही फुटता कामा नये. हे फक्त विषय शिकवणाराच लिहू शकतो, आणि एकेका वाक्यावर तो बराच वेळ अडतो. समीकरणं चित्र म्हणून चिकटवलेली असतील तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी संगणक प्रणाली, ती वाचत नाही, पुन्हा टंकावी लागतात. स्कॅन केलेल्या जुन्या नोट्सचं तेच. व्हिडिओला आपोआप येणारी उपशीर्षकं नेमकी पारिभाषिक शब्दांवर घसरतात, म्हणजे तीही तपासायची. हे झालं फक्त साहित्याचं. उत्तर लेखी, तोंडी की प्रकल्पातून द्यायचं, वेळेची मर्यादा खरंच काही मोजते की नुसती घाई करायला लावते, निकष आधी कसे सांगायचे, याचा विचार अजून बाकीच आहे.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत 1984 साली स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेनं ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ची चौकट मांडली: अडचण आल्यावर एकेकाला सवलत देण्यापेक्षा अभ्यासक्रम आखतानाच शिकण्याचे एकाहून अधिक मार्ग ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचं 24 वं कलम उच्च शिक्षणालाही लागू आहे. म्हणजे विद्यार्थी हे हक्कानं मागतो.

आणि शिकवण्याची पद्धतच बदलली तर उपयोग होतो का? विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा एकत्र आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण 33.8 टक्के होतं, तर विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला आणि सोडवायला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. 2020 च्या दुसऱ्या आढाव्यात वंचित गटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्यातली परीक्षेतल्या गुणांची दरी अशा वर्गांत 33 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. त्यातली एक गोष्ट मी निधी देणाऱ्यांना प्रत्येक वेळी सांगते. ही दरी तिथेच कमी झाली, जिथे वर्गाचा बराचसा वेळ खरोखर या पद्धतीला दिला होता. अधूनमधून एखादा उपक्रम घेऊन हे साधलं नाही. आणि वर्ग मुळापासून बदलायचा तर शिक्षकाला सवड लागते.

म्हणून एक दिवसाच्या कार्यशाळेवर खर्च करायला माझा विरोध असतो. प्रमाणपत्र मिळतं, सोमवारी तीच जुनी टिपणं घेऊन तोच माणूस वर्गावर जातो. फक्त उपकरणं मागणारे अर्जही मी मागे ठेवते. मी होकार देते तो एका सत्रापुरता अध्यापनभार कमी करून मागणाऱ्याला, विभागातल्या आणखी एखाद्या सहकाऱ्याला सोबत घेणाऱ्याला, आणि साहित्य तपासणाऱ्या विद्यार्थ्यांना मानधन ठेवणाऱ्याला. हे शेवटचं फार कमी अर्जांत असतं. ज्याच्यासाठी बदल करायचा त्या विद्यार्थ्यानं आपला वेळ फुकट द्यावा, असं गृहीत धरणं मला मुळीच पटत नाही.

अजून एका नियमासाठी मी भांडते आहे. बहुतेक योजनांत अर्ज करता येतो तो कायम नोकरीतल्यांना. पहिल्या वर्षाचे मोठे वर्ग मात्र पुष्कळदा तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात, आणि विद्यार्थी सर्वाधिक गळतात ते तिथेच. या शिक्षकांचा अध्यापनभार कमी केला तर त्यांचं उत्पन्नच कमी होतं. त्यांना तयारीच्या तासांचे थेट पैसे द्यावे लागतील. पुढच्या फेरीच्या नियमांत हे कलम यावं, अशी माझी लेखी मागणी आहे.