आजारी इंग्रज आणि त्यांची जनावरं

अंगात ३९ अंश सेल्सिअस ताप असला तरी इंग्रज माणूस 'नॉट टू बॅड' म्हणतो. दुखणं उघडं करून सांगणं त्याच्या जिवावर येतं. पण तो फ्लूने आडवा झाला की त्याच्या तोंडून एकेक जनावर बाहेर पडायला लागतं. लीड्सला आल्यापासून मी ती ऐकतोय.

सगळ्यांत लाडकं 'वीक ॲज अ किटन'. जिना चढताना धाप लागते, चहाची किटली उचलताना हात थरथरतो, तेव्हाचं हे. मांजराचं पिल्लू जन्मतं जेमतेम १०० ग्रॅमचं, डोळे मिटलेलं. पायांवर धड चालायला त्याला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे उपमा चपखलच. नुसते पाय लटपटत असतील तर नुकतं जन्मलेलं शिंगरू आठवतात. ते मात्र तासा-दोन तासांत उभं राहतं, त्यामुळे शिंगरू म्हणणारा परवा कामावर दिसणार असं मी धरून चालतो.

'सिक ॲज अ डॉग' म्हणत कुत्रा आला की उलट्या समजाव्यात. पोपट फसवा! 'सिक ॲज अ पॅरट' म्हणणारा ठणठणीत असतो, त्याची टीम हरलेली असते. १९७०च्या दशकात फुटबॉलवाल्यांनी तो पार घासून टाकला. आणि 'रफ ॲज अ बॅजर्स...' (बॅजर म्हणजे इथला बिळात राहणारा एक प्राणी) यातला पुढचा अवयव आजीसमोर सांगण्यासारखा नाही. त्यामागे बहुधा आदल्या रात्रीची बिअर असते.

इथे आजारपणाच्या पहिल्या ७ दिवसांसाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही, आपणच कळवायचं. त्यामुळे ऑफिसला फोन करताना प्राणी जपून निवडावा. किटनला सहानुभूती मिळते, बॅजरवर संशय येतो.

आपल्याकडे अशक्त माणसाच्या वाट्याला काडीपैलवान नाहीतर चिपाड येतं. शेळी आणलीच तर ती भित्रेपणासाठी. सगळा कल टोमण्याकडे! गेल्या हिवाळ्यात मी फ्लूने झोपलो होतो, तेव्हा किटन ऐकून मॅनेजर हळहळली, घाई करू नकोस म्हणाली. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा वर सरकवून एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, खातोस तरी काय तिकडे? पार पाप्याचं पितर झालायस."