दुकान बंद झालं, नंबर बंद केला का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मारुती चौकाजवळचं काकांचं कापडाचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर चिखलानं माखलेले तागे आम्ही घमेल्यांनी उपसल्यासारखे बाहेर काढले. काकांनी ते दुकान पुन्हा उघडलं नाही. जीएसटीचा नंबर मात्र चालूच राहिला.

नोटीस आली तेव्हा काका मला म्हणाले, "अगं, दुकानच नाही, तर रिटर्न कसलं भरायचं?" त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पण कायद्याच्या लेखी दुकान शटर ओढल्यानं बंद होत नाही, नोंदणी रद्द केल्यानं होतं. तोवर विक्री शून्य असली तरी निल रिटर्न भरायचं, नाहीतर दिवसाला वीस रुपये लेट फी. पुरात गेलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिटही, म्हणजे खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. नोंदणी रद्द झाल्यावरही तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न भरायचं असतं. हे त्यांना वेळेवर कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, मीही विचारलं नाही.

आता मी सांगलीतच, विश्रामबागेत, घरून काम करते. अमेरिकेतल्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांचे हिशेब आणि सेल्स टॅक्सची रिटर्न्स बघते. काकांचा तोच प्रश्न तिथली माणसं रात्री अकराला मला विचारतात.

तिकडे आपल्यासारखा देशभर एकच कर नाही. राज्यागणिक सेल्स टॅक्स वेगळा आणि पाच राज्यांत राज्याचा कर नाहीच. पूर्वी ज्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम किंवा माणूस असेल, तिथलाच कर गोळा करावा लागे. २१ जून २०१८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 'साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर' (एक राज्य विरुद्ध एक ऑनलाइन विक्रेता कंपनी) खटल्याचा निकाल लागला आणि नुसत्या विक्रीवरही राज्याला कर मागता येऊ लागला. साउथ डकोटाची मर्यादा होती वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा दोनशे व्यवहार; यातलं एक जरी ओलांडलं तरी कर गोळा करायचा. बऱ्याच राज्यांनी तीच उचलली.

त्या 'दोनशे'नं छोट्या माणसांचं फार नुकसान केलं. ओहायोतल्या माझ्या एक ग्राहक घरी मेणबत्त्या करतात. एक मेणबत्ती अठरा डॉलरला. दोनशे ऑर्डर म्हणजे विक्री जेमतेम छत्तीसशे डॉलर, आणि तेवढ्यासाठी परक्या राज्यात कर गोळा करण्याचा परवाना, रिटर्न, मुदती. लॉकडाउनमध्ये त्यांची विक्री वाढली आणि अशा राज्यांची यादीच झाली.

१ जुलै २०२३ पासून साउथ डकोटानं दोनशे व्यवहारांची अट काढून टाकली. त्याच दिवशी राज्याचा दर ४.५ वरून ४.२ टक्के झाला. मी दर बदलायला बसले होते, म्हणून अटीची बातमीही लगेच नजरेत आली. बाईंना कळवलं, त्यांना आनंद झाला, आणि मी घाईनं परवाना रद्द करण्याचा अर्ज टाकला.

इथे माझी चूक झाली. त्यांच्या वेबसाइटवरची कर आकारणी मी बंद केली नव्हती. अकरा दिवसांत तीन गिऱ्हाइकांकडून कर घेतला गेला, तोही परवाना नसताना. कराच्या नावानं घेतलेला पैसा विक्रेत्याचा नसतोच. तिघांनाही तो परत पाठवला, सोबत माफीचं पत्र. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता क्रम पक्का आहे. शेवटची तारीख ठरवायची, त्या दिवशी वेबसाइटवरची आकारणी बंद करायची, तोवर जमलेला कर भरून शेवटचं रिटर्न द्यायचं, परवाना रद्द करायचा, आणि कागद जपून ठेवायचे.

पण थांबता येतं का, हे त्याआधी बघावं लागतं. विक्री घसरली म्हणून त्याच महिन्यात सुटका होत नाही. वॉशिंग्टन राज्य चालू किंवा मागचं कॅलेंडर वर्ष बघतं, म्हणजे गेल्या वर्षी लाख डॉलर ओलांडले असतील तर यंदा विक्री कितीही पडो, वर्षभर कर गोळा करायचाच. टेक्सासमध्ये बाहेरच्या विक्रेत्यानं काम गुंडाळलं तरी पुढे बारा महिने जबाबदारी राहते. मोठ्या प्लॅटफॉर्मवरून विकलेल्या मालावरचा कर प्लॅटफॉर्मच भरतो, पण ती विक्री मर्यादेत धरायची की नाही, हे राज्याराज्यावर आहे. आणि परवाना उघडा असेल तोवर शून्य विक्रीचंही रिटर्न. ते चुकलं की दंड, अगदी आपल्यासारखंच.

इंडियाना, नॉर्थ कॅरोलिना, वायोमिंग आणि २०२५ च्या जुलैत यूटा यांनीही व्यवहारांच्या संख्येची अट सोडली. त्या बाईंचे परवाने आम्ही एकेक करून बंद करतोय. माझी फी त्यानं कमी होते, होऊ दे. छत्तीसशे डॉलरच्या विक्रीसाठी दर तिमाहीला कुणी धास्तावून राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

काकांचं शेवटचं रिटर्न मीच भरलं, लेट फीसकट. पोच छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, "म्हणजे आता दुकान खरंच बंद झालं," म्हणाले, आणि दुकानाच्या भाडेपावत्यांच्या फाइलीत सगळ्यात वर लावली.