पासबुक घरात, तपासणी कार्यालयात

पोस्टाचे ऑडिट म्हटले की दिल्लीतील नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे नाव पुढे येते आणि त्यात वावगे काही नाही. राज्यघटनेच्या १५१व्या अनुच्छेदानुसार त्यांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांवरून खात्याला जाब विचारते. परंतु बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यातील एखादी आजी शाखा डाकघरात, म्हणजे गावच्या छोट्या पोस्टात, दरमहा आरडीचा (आवर्ती ठेवीचा) हप्ता भरते, तो हप्ता खरोखर खात्यावर चढला की नाही, हे त्या अहवालातून क्वचितच कळते. त्याची जबाबदारी मुख्यतः टपाल खात्याच्या उपविभागाच्या निरीक्षकावर असते. माझी बरीचशी नोकरी या तपासण्यांचे कागद वाचण्यात गेल्यामुळे मी या शेवटच्या पायरीविषयीच लिहिणार आहे.

तपासणीचा पहिला भाग ठरलेला असतो. निरीक्षकाने आल्याबरोबर रोकड आणि तिकिटे मोजायची व ती हिशेबाशी ताडून पाहायची. प्रत्येक शाखा डाकघराला शिल्लक ठेवण्याची किमान आणि कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. कमाल मर्यादेपेक्षा अधिक रोकड आढळली, तर ती कोणत्या देण्यासाठी राखून ठेवली होती याचे कारण कागदावर असावे लागते. हा भाग सहसा नीट होतो. तो शिस्तीचा आहे, आणि खरे सांगायचे तर सोपाही आहे.

अवघड प्रकार निराळाच असतो. पोस्टमास्तर ठेवीदाराकडून पैसे घेतो, पासबुकात रक्कम लिहितो, तारखेचा शिक्काही मारतो, मात्र दिवसाच्या हिशेबात ती रक्कम दाखवतच नाही. अशा वेळी कार्यालयातील रोकड हिशेबाशी पैशापैशाने जुळते, कारण जी रक्कम आलीच नाही असे दाखवले, ती शिलकीत कमीही पडत नाही. हा अपहार उघड करणारा कागद एकच, ठेवीदाराच्या घरातील पासबुक. म्हणूनच पासबुके मागवून ती खात्याशी ताडण्याची आणि प्रत्यक्ष ठेवीदारांना भेटण्याची पद्धत घालून दिलेली आहे. प्रत्यक्षात निरीक्षक येतो तो भरदुपारी, भातलावणीच्या दिवसांत तर गावात चिटपाखरू नसते, आणि मग पोस्टमास्तरच चार पासबुके आणून पुढे ठेवतो. कोणती पासबुके तपासायची हे ज्याची तपासणी चालली आहे त्यानेच ठरवावे, याला मी तपासणी म्हणत नाही. अनेक घरांत पासबुक पोस्टातच ठेवण्याची सवय आहे, कारण पोस्टमास्तर गावचाच, बहुधा नात्यातला. वास्तविक पासबुक ठेवून घेतले, तर त्याची पावती देणे बंधनकारक असते, पण भावकीत पावती कोण मागणार?

टपाल खात्याच्या ‘दर्पण’ या संगणकीकरणाच्या योजनेतून शाखा डाकघरांत हातातील यंत्रे आली, व्यवहाराची छापील पावती मिळू लागली आणि हिशेब त्याच क्षणी वर पोचू लागला, हा मोठाच बदल आहे. तरीही पावसाळ्यात नेटवर्क गेले, की ‘पैसे ठेवून जा, नंतर चढवतो’ हे वाक्य ऐकू येते. खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक पुष्कळदा मुलाचा असतो, आणि मुलगा गोव्यात कामाला असतो.

सीमाभागात यात भाषेची एक भर पडते. टपाल खात्याच्या कर्नाटक परिमंडळात ग्रामीण डाकसेवक (शाखा डाकघराचा पोस्टमास्तरही त्यांतलाच) होण्यासाठी दहावीपर्यंत कन्नड शिकलेले असावे लागते, पण नेमलेला तरुण अनेकदा मराठी घरातलाच असल्याने डाकघरातील बोलणे मराठीतच चालते. अडचण येते ती वरून तपासणी आल्यावर. ठेवीदार मराठीत सांगतो, जबाब कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहिला जातो आणि खाली त्याचा अंगठा उमटतो. मध्ये दुभाषी म्हणून कोण उभा असतो, तर तोच पोस्टमास्तर! सीमावादाचे राजकारण मला येथे आणायचे नाही. हा पुराव्याचा प्रश्न आहे. ज्याच्याविरुद्ध जबाब जाऊ शकतो, त्यानेच त्याचे भाषांतर करावे, हे कोणत्याही लेखापरीक्षकाला खटकले पाहिजे. अंगठ्याला साक्षीदार म्हणून कागदांमागून कागदांवर एकच सही दिसू लागली, की आम्ही लाल पेन्सिल हातात घेत असू.

व्यवस्थापनाकडूनही याला पुरेसे बळ मिळत नाही. शाखा डाकघराने खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा, आणि डोंगराळ, आदिवासी किंवा दुर्गम भागात १५ टक्के, उत्पन्नातून भागवावा असा दंडक आहे. लोकांनी भरलेली बचत पोस्टाचे उत्पन्न नसते. ती १९९९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाते आणि पोस्टाला खाती सांभाळण्याचा मोबदला तेवढा मिळतो. त्यामुळे बैठकीत नवीन खात्यांचे लक्ष्य जितक्या आवर्जून विचारले जाते, तितक्या आवर्जून जुन्या खात्यांची पडताळणी विचारली जात नाही. ती आठवडी बाजाराच्या दिवशी करावी, पासबुकांची निवड निरीक्षकाने खातेयादीवरून स्वतः करावी, आणि जबाब ठेवीदाराच्या भाषेत, पोस्टमास्तरला बाहेर बसवून, वाचून दाखवावा, एवढ्या तीन गोष्टींना नवा निधी किंवा नवे यंत्र लागत नाही. लागतो तो निरीक्षकाचा एक जादा दिवस, आणि तो दिवस त्याच्या दौऱ्याच्या कार्यक्रमात मंजूर करणारा अधिकारी.