एका पेन ड्राइव्हच्या कॉपीसाठी सात महिने

माझ्या धाकट्या भावावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मारामारीची केस झाली, नवीन कायद्याचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम ११८. अटक, जामीन, धावपळ सगळं चार दिवसांत उरकलं. चार्जशीटच्या कागदांचा गठ्ठापण पहिल्याच तारखेला मिळाला. अडकलो ते त्याच्या पुढं.

गठ्ठ्यातल्या मुद्देमालाच्या यादीत एक ओळ होती, पेन ड्राइव्ह १ नग, सीसीटीव्ही फुटेज. पेन ड्राइव्ह मात्र दिलाच नाही. म्हणजे ज्या फुटेजवर पोरगा आरोपी झाला ते आम्हीच बघायचं नाही! पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे कोर्टात जमा केलंय, कोर्टात गेलो तर म्हणे मुद्देमाल सील आहे, ऑर्डर आणा. वकील मॅडमनी अर्ज दिला, कोर्टाने सरकारी पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला आणि तो से यायलाच पाच तारखा गेल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा तपास अधिकारी बंदोबस्ताला, एकदा फाईलच सापडेना. दर तारखेला भावाचा रोज बुडायचा आणि संध्याकाळी आई दारातच विचारायची, "मिळालं का रे?" मला तिच्याकडं बघवायचं नाही.

शेवटी से आला, त्यात काय तर पेन ड्राइव्ह ही वस्तू आहे, कागदपत्र नाही, म्हणून कॉपी देता येत नाही. मॅडमनी तिथंच सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ हा निकाल पुढं ठेवला. मेमरी कार्डातला मजकूर हा दस्तऐवजच आहे, सरकार त्याच्यावर केस चालवणार असेल तर आरोपीला क्लोन कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, द्यायची, फक्त पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर कॉपी न देता नुसतं बघू द्यायचं, असं त्यात सांगितलंय. आमच्या फुटेजमध्ये रस्ता आणि किराणा दुकानाची पायरी, दुसरं काही नाही. शिवाय बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन कायद्याच्या, कलम २३० मध्ये आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत कॉपी द्या असं आहे. मॅडम मला म्हणाल्या, "दादा, हात जोडून मागू नका, बचाव करता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे." त्या दिवसापासून मी कारकुनांपुढं वाकून बोलणं सोडलं.

ऑर्डर झाली. कोरा पेन ड्राइव्ह आपणच घेऊन जायचा, मी सीलबंद पाकिटातला नेला होता.

हां, कॉपीबरोबर सर्टिफिकेटचीपण नक्कल मागा, म्हणजे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात चालण्यासाठी त्याच्यासोबत जो दाखला जोडावा लागतो त्याची. आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागतं, जुनं ६५ब. त्यात भाग अ आणि भाग ब असतात, ब तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश नंबर असतो, फाईलमध्ये फेरफार झाला तर तो जुळत नाही. आमच्या गठ्ठ्यात नुसता भाग अ होता. हे सर्टिफिकेट किती महत्त्वाचं आहे ते आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलं. तिथंपण मागून मागून अधिकाऱ्यांनी सर्टिफिकेट दिलं नव्हतं. अशा वेळी कोर्टाकडं अर्ज करून मागवता येतं, म्हणून आपण मागितल्याचा कागद जपून ठेवा, प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

आणि हे मी सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं. घटना घडली की त्याच आठवड्यात दुकानदाराला आणि पोलिसांना लेखी द्या की पूर्ण फुटेज जपून ठेवा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, भरला की जुनं आपोआप पुसलं जातं. आम्हाला मिळालेली क्लिप ५२ सेकंदांची निघाली, भांडण सुरू झाल्यानंतरची. आधी कोण कुणाच्या अंगावर गेलं ते त्यात नाहीच, आणि दुकानातलं मूळ रेकॉर्डिंग तोवर गेलेलं.

स्टेशनला भावाची एका जबाबावर सही घेतली होती, त्याने आम्ही फार घाबरलो होतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. आमच्यात काहीच सापडलेलं नाही.

त्या ५२ सेकंदांत तिसाव्या सेकंदाला भाऊ दोन्ही हात वर करून मागं सरकताना स्पष्ट दिसतो. आईला दाखवलं, तिनं चार वेळा बघितलं. दुकानदाराची साक्ष पुढच्या महिन्यात आहे, मॅडमनी तेवढा भाग उलटतपासणीसाठी काढून ठेवलाय.