सँक्शनची जळू सुटली (बहुतेक)

इंग्रजी शब्दांसाठी मी अँकी हे कार्डांवरून पाठांतर करून घेणारं ॲप वापरतो. त्यातलं 'सँक्शन'चं कार्ड परवा आठव्यांदा चुकलं आणि अँकीनं त्याला लीच (जळू, म्हणजे पुन्हा पुन्हा चुकणारं चिवट कार्ड) ठरवून बाजूला टाकलं. मागच्या नोंदीत 'हा शब्द आता खिशात' असं मीच लिहिलं होतं. शब्द मागे घेतो.

खरं तर हा शब्द आपल्या घरचाच. लोन सँक्शन होतं, रजा सँक्शन होते, सँक्शन्ड पोस्ट वर्षानुवर्षं रिकामी राहते. सगळीकडे मंजुरी. घात तिथेच झाला. गेल्या आठवड्यात इंग्लंडच्या क्लायंटला मेल केला: 'वुई हॅव सँक्शन्ड टू इंजिनियर्स फॉर द व्हिजिट.' पलीकडून विचारणा, 'त्यांनी केलं तरी काय?' दोघा गरिबांना मी कागदोपत्री शिक्षा करून बसलो होतो.

मग तीन संध्याकाळी त्यातच गेल्या, रोजचे १० नवे शब्द बंद. कार्डामागे 'मंजुरी / निर्बंध' असं लिहून पाहिलं. प्रत्येक रिव्ह्यूला नुसती छापा-काटा. (एका शब्दापुढे एक प्रतिशब्द ठोकणारे तयार डेक (कार्डांचे संच) उतरवून घेऊ नका, हे मी पुन्हा सांगतो.) ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीतली उदाहरणं मात्र कामी आली. वाक्यं जमवत गेल्यावर दिसलं की कर्माकडे बघायचं. क्रियापदापुढे माणूस किंवा देश आला की बहुधा दंड. खर्च, योजना, कृती आली की मंजुरी. नाम अनेकवचनी असून पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' आलं तर निर्बंध: मे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेनं आपल्यावर लादले ते. 'अनसँक्शन्ड' म्हणजे विनापरवानगीच. आणि सरकारी नोकरावर खटला भरायला लागते ती 'सँक्शन फॉर प्रॉसिक्यूशन', म्हणजे मंजुरीच, पण खटल्याची! इथे मी वही मिटली.

नियम कळला, पण एकाच शब्दात दोन्ही का, हे डोक्यातून जाईना. काल पेपरात 'आरोपीला कडक शासन व्हावे' वाचलं आणि ट्यूब पेटली. शेजारच्याच बातमीत 'शासन निर्णय'! आपला 'शासन' नेमकं हेच करतो की. शास् धातू: आज्ञा देणं, शिकवणं, दंड करणं. राजानं गाव दान दिल्याचा पत्रा तो ताम्रशासन. आणि शिलाहारांच्या काळातल्या गधेगाळीवर, म्हणजे गाढवाचं चित्र कोरलेल्या दानशिळेवर, दान मोडणाऱ्याला कोरलेली शिवी. दान आणि दम एकाच दगडात. लॅटिनमधला 'सँक्टिओ' म्हणजे कायद्यातलं हेच कलम: मोडलात तर काय होईल ते सांगणारं. आज्ञा पवित्र करायची, तर तिला दंडाची धार हवीच. एवढं जुळल्यावर मी खुर्चीतून उठून चहा केला, साखर जास्त घातली.

आता कार्डाच्या मागे एकच शब्द: शासन. पुढे दोन क्लोझ (गाळलेली जागा भरायची) वाक्यं, एक खर्चाचं, एक देशाचं.

पुढच्या महिन्यात 'एस'चे शब्द संपवायचे ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता बेत बदलतोय. असे दुतोंडी शब्दच वेगळ्या डेकमध्ये घेतो. 'ओव्हरसाइट' पहिला: देखरेखही तोच, नजरचूकही तोच. 'डस्ट' दुसरा: धूळ झटकणंही आणि पीठ भुरभुरणंही. प्रत्येकाला मराठी जोडीदार मिळतो का बघायचं. 'उतारा' मनात आहे, पण तो कोणाला जोडू ते सुचत नाहीये.

लीच कार्ड आज सकाळी पुन्हा सुरू केलं. इंटरव्हल एक दिवस. उद्या कळेल.