पॅकवरची तारीख आणि पावसाळ्यातला ओलावा

शस्त्रक्रियेची उपकरणे ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, बाहेर आली की काम संपले, असा समज छोट्या रुग्णालयांत अजूनही आढळतो. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेने जिवाणूंचे चिवट बीजाणूही मरतात हे खरे. पण त्यानंतर उपकरण निर्जंतुक राहते ते केवळ त्याच्या वेष्टनामुळे, आणि तेही ते वेष्टन कोरडे व शाबूत असेपर्यंतच.

दुहेरी सुती कापडात बांधलेल्या उपकरणांचा पॅक किती दिवस चालतो, असे ओटीत (शस्त्रक्रियागृहात) नव्याने आलेल्या सिस्टर हमखास विचारतात. पूर्वी याला दिवसांत मोजलेले उत्तर मिळत असे. आता मात्र पॅकच्या वयापेक्षा त्याच्या बाबतीत काय घडले याला महत्त्व दिले जाते: तो भिजला, फाटला किंवा जमिनीवर पडला असेल, तर मुदत कितीही शिल्लक असो, तो पुन्हा ऑटोक्लेव्हला गेलाच पाहिजे. तारीख लिहावी, पण ती मुख्यतः जुना पॅक आधी वापरला जावा यासाठी.

या सगळ्यात सर्वांत घातक गोष्ट म्हणजे ओलावा. कोरड्या कापडाचे पदर धूळ आणि तिच्यावर बसून येणारे जिवाणू अडवून धरतात. तेच कापड ओले झाले की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी धाग्याधाग्यांतून आत शिरते आणि जिवाणूंनाही सोबत नेते. कोकणातल्या जुलै महिन्यात, जिथे कपाटातले कपडेही दमट लागतात, तिथे ही भीती पुस्तकी राहत नाही. गरम पॅक घाईघाईने थंड स्टीलच्या ट्रॉलीवर ठेवला की आत उरलेल्या वाफेचे तळाशी पाणी होते. पॅक उचलून पाहिला तर खालच्या बाजूला तळहाताएवढा ओलसर डाग दिसतो. तासाभराने तो वाळतो आणि पॅक पुन्हा निर्दोष भासतो. पॅकवर चिकटवलेल्या इंडिकेटर टेपवर उष्णतेने उमटलेल्या काळ्या रेषाही जशाच्या तशाच असतात, कारण पॅक तापला होता एवढेच ती टेप सांगते. म्हणून वाळवण्याचा टप्पा पूर्ण होऊ द्यावा, पॅक जाळीच्या रॅकवर निवू द्यावेत आणि तोवर त्यांना हात लावू नये.

कपाट जमिनीपासून ८ ते १० इंच उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून थोडे सुटे असावे, खोलीतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत राहावी आणि सिंकखालच्या जागेचा तर विचारही करू नये. उपकरणांचे कागदी पाउच कोंबून भरले की टॉवेल क्लिपची (कापड धरून ठेवणाऱ्या चिमट्याची) टोके कागदातून बाहेर येतात, आणि ते छिद्र इतके बारीक असते की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही.

ड्रमबद्दल, म्हणजे गॉज वगैरे ठेवायच्या धातूच्या डब्याबद्दल, माझे मत कडक आहे. ऑटोक्लेव्हनंतर त्याच्या बाजूच्या झडपा बंद करायच्याच. पण गॉजच्या एका पट्टीसाठी दिवसभर उघडझाप झालेल्या ड्रमला संध्याकाळी निर्जंतुक म्हणणे ही निव्वळ सवय आहे.

दाताच्या दवाखान्यांत दिसणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या पेट्यांवरही अनेकांचा असाच विश्वास असतो. अतिनील किरण ज्या पृष्ठभागावर थेट पडतात तेवढ्यावरच काम करतात. फोर्सेप्सच्या (चिमट्याच्या) बिजागरीत किंवा एकावर एक रचलेल्या उपकरणांच्या सावलीत ते पोहोचत नाहीत. तेव्हा त्या पेटीत उपकरणे उघडी ठेवण्यापेक्षा ती पाउचमध्येच ठेवावीत, आणि कपाटात एक साधा आर्द्रतामापक टांगून त्याची नोंद रोज घ्यावी.