तुम्ही विचारलंत म्हणून: कवेलूच्या घरात हे साउंडचं वेड आलं कुठून?

राजेहो, हा प्रश्न इतक्या लोकांनी विचारलाय की आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्यानं विचारलं की हेच वाचायला देईन. आर्वीकडच्या एका खेड्यात आमचं कृषी केंद्र आहे, दुकानाच्या मागंच घर, घरावर कवेलू म्हणजे कौलं, अन् बैठकीत माणसाच्या छातीला लागतील एवढे दोन स्पीकर उभे. बियाण्याची बॅग घ्यायला आलेला माणूस आत डोकावतो अन् म्हणतो, "काऊन हो भाऊ, एवढ्या पैशात तं बैलजोडी आली असती, हे डब्बे कायले घेतले?" पुण्या-मुंबईचे लोक तेच जरा सभ्य भाषेत विचारतात की खेड्यात राहून तुम्ही ऑडिओफाइल, म्हणजे चांगल्या आवाजाचे वेडे, कसे काय झालात. दोघांनाही वाटतं की हा गर्भश्रीमंतांचा शौक आहे अन् मी चुकून त्यात घुसलोय.

पहिली गोष्ट म्हणजे ते डब्बे घेतलेले नाहीत, आमच्या गावच्या सुतारानं १९ एमएमच्या प्लायमधून बनवलेत, आतली वायरिंग माझी. अन् माझं उत्तर एवढंच आहे की हा शौक दुरुस्तीच्या टेबलावरून आला, माझ्याकडंही अन् जगातही.

आमच्या मोठेबाबांकडं व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचं पोस्टातून काढलेलं लायसन्सचं पुस्तक अजून कपाटात पडलंय, तेव्हा रेडिओ ऐकायलाही लायसन्स लागायचं हे आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. आकाशवाणी नागपूर १९४८ पासूनची, विविध भारती १९५७ ची, म्हणजे मोठेबाबांच्या भरात असण्याच्या काळात दोन्ही होत्या, माझ्या वाट्याला आला तो मात्र बंद पडलेला रेडिओ. तो घेऊन आर्वीला मेकॅनिककडं गेलो, तर त्यानं मला हाकललं नाही, स्टुलावर बसवलं अन् सोल्डर मारायला शिकवलं, टोक आधी पुस, मग तार तापव, सोल्डर तारेवर वितळू दे, आयर्नवर नको. हे मी आजही तसंच करतो. त्या दुकानात बसता बसता कळलं की आवाज ही वस्तू उघडता येते, तिच्यात कंडेन्सर फुगलेला असतो, स्पीकरच्या पडद्याची कड फाटलेली असते, अन् ते बदललं की गाणं बदलतं.

मग आलं ४४४० चं युग. विदर्भात ज्याला ज्याला इलेक्ट्रॉनिक्सचा किडा होता त्यानं हा आयसी लावून अॅम्प्लिफायर केलेलाच आहे, नागपूरच्या बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, रेडीमेड बोर्ड आणायचा, हीट सिंक लावायचा, बारा व्होल्ट द्यायचे की वाजलाच. बारा व्होल्ट म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी चालते, अन् आमच्याकडं लोडशेडिंग असं की बॅटरीशिवाय इलाज नव्हता. त्यात एक फायदा असा झाला की बॅटरीवर विजेच्या लाइनीचा तो हम्म येतच नाही, शांत बॅकग्राउंड काय असतं ते मला लोडशेडिंगनं शिकवलं म्हणा ना.

अन् स्पीकर कुठं ठेवायचा, तर माठावर. हे सगळ्या गावांनी केलंय. उघडा स्पीकर हातात धरला तर पडदा पुढं जातो तेव्हा पुढं दाब अन् मागं पोकळी तयार होते, खालच्या सुरात या दोन लाटा कडेनं फिरून एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून बेस गायब. तोच स्पीकर माठाच्या तोंडावर पालथा घातला की मागची लाट आत कोंडते अन् ढोलकी एकदम अंगात येते. फक्त माठाला स्वतःचा एक सूर असतो, त्यामुळं ढोलकी, तबला, गिटारची जाड तार, सगळं त्याच एका सुरात घुम्म घुम्म करतं, आम्हाला तेव्हा तेच भारी वाटायचं.

पुढं वाचायला लागलो तेव्हा दिसलं की १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर नावाच्या माणसानं लहान बंद पेटीतली कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरून आधीच्या कपाटाएवढ्या स्पीकरचा बेस छोट्या खोक्यातून काढला. गणित सोडलं तर आमचा माठ त्याच रस्त्यावर होता.

आता या शौकाचे जे मूळपुरुष म्हणतात ना, त्यांची यादी काढून बघा. वार्फडेल कंपनी ज्यानं काढली तो गिल्बर्ट ब्रिग्ज कापडाच्या धंद्यातला माणूस, १९३२ मध्ये यॉर्कशरमधल्या इल्कली गावात घराच्या तळघरात त्यानं पहिला स्पीकर केला, पियानोचा नाद होता अन् बाजारातल्या स्पीकरवर तो पियानोसारखा वाजत नव्हता. हाच माणूस १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो लोकांसमोर खरे वादक अन् त्यांचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकवत होता, केवढी छाती पाहिजे सांगा. अॅव्हरी फिशर पुस्तकांची मांडणी करायचा, हौशी व्हायोलिन वाजवायचा, स्वतःपुरते रेडिओ जोडता जोडता दोस्त मागायला लागले अन् १९३७ मध्ये कंपनी झाली. पॉल क्लिप्श दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या नोकरीनिमित्त आर्कान्सामधल्या होप नावाच्या छोट्या गावात आला अन् तिथंच राहिला, पत्र्याच्या शेडमध्ये भोंग्याचे स्पीकर करायला लागला, त्याची कंपनी १९४६ ची. त्याची युक्ती अशी की खोलीचा कोपराच भोंग्याचा शेवटचा भाग म्हणून वापरायचा, दोन्ही भिंती फुकटात कामाला लावायच्या. होप गाव टरबुजांसाठी प्रसिद्ध आहे, हे वाचल्यापासून मला तो माणूस आपल्याकडचाच वाटतो.

अन् बोस कंपनी काढणारा अमर बोस, त्याचं तर आपल्याला सांगायलाच नको, पण लोकांना फक्त हेडफोन माहीत आहेत. वडील बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेलेले, पोरगा १९२९ चा. युद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला तेव्हा या शाळकरी पोरानं रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावला. लहानपणी व्हायोलिन शिकलेला, त्यामुळं १९५६ मध्ये कागदावरचे आकडे बघून उत्तम म्हणून घेतलेली सिस्टीम घरी लावली तर त्याला ती बोगस वाटली, अन् आकडे चांगले असून आवाज असा काऊन, या एका प्रश्नामागं त्यानं आयुष्य घातलं.

एवढ्या सगळ्यांत मला दोनच गोष्टी सारख्या दिसतात, हातात सोल्डरिंग आयर्न अन् कानात एखादं खरं वाद्य. कुणी आधी पैसा घेऊन आलेला नाही, तो नंतर आला. १९४७ मध्ये विल्यमसन नावाच्या इंजिनिअरनं आपल्या अॅम्प्लिफायरचा नकाशा 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापून दिला अन् कितीतरी लोकांनी तो घरच्या टेबलावर जोडला, तेव्हाचा ऑडिओफाइल म्हणजे बहुतेक हाच, संध्याकाळी कामावरून येऊन तारा जोडणारा.

माझ्या कानातलं वाद्य म्हणजे खंजेरी. तुकडोजी महाराजांचा मुलूख हा, गुरुकुंज मोझरी काही लांब नाही, भजनी मंडळ गावोगावी. खंजेरी हाताच्या अंतरावरून ऐकली असेल त्यालाच कळेल, चामड्यावर बोटं पडतात तो आधी कोरडा टप्पा, मग तळव्याचा गोल ठोका, अन् वरून झांजा, तीन वेगळे आवाज एकाच हातातून अन् एकमेकांवर न सांडता. पावसाळ्यात चामडं ढिलं पडतं तर शेकून घेतात, शेकलेल्या अन् न शेकलेल्या खंजेरीतला फरक आमच्याकडं पोरासोरालाही कळतो. आता हेच रेडिओवर आलं की नुसतं छन छन. बाकीचं कुठं गेलं? त्या बाकीच्याच्या मागं मी लागलो, बस.

आमच्या भागातले या नादाचे बाकी लोकही असेच. एकाचं बिछायत केंद्र, लग्नात भोंगे बांधणारा, आता डीजे आहे, त्याचं सगळं ५२०० अन् १९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांवर चालतं, पण घरी रात्री हळू आवाजात जुन्या गझला ऐकतो, दिवसभर कान फुटल्यावर माणूस करणार काय. एक रिटायर झेडपी मास्तर, तव्यांच्या पेट्या बाळगून, रेकॉर्डला रेकॉर्ड म्हटलेलं चालत नाही, तवाच. अन् सगळ्यात तयार कान आमच्या मोठ्याईचे, जन्मभर भजनात बसलेल्या. पहिल्यांदा माझे मोठे स्पीकर लागले तेव्हा मी सांगत होतो क्रॉसओव्हर अमुक अन् ढमुक, त्या ऐकून म्हणाल्या, "आवाज चांगला हाय बापा, पण पेटीवाला भिंतीत घुसून बसला वाटते." स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढं ओढले तर हार्मोनियमचा पेटीवाला बाहेर आला. मासिकं ज्याला साउंडस्टेज म्हणतात ते हेच.

खोलीबद्दलही बोलायला पाहिजे, कारण ही मजा फक्त आमच्याकडं आहे. कापूस वेचून आला की भाव चढायची वाट बघत तो घरातच पडतो, बैठकीच्या अर्ध्या खोलीत छताला लागेल असा ढीग. त्या दिवसांत माझ्या सिस्टीमसारखा आवाज कुठल्या शोरूममध्येही ऐकायला मिळत नाही, टाळीचा घुमारा नाही, गाणाऱ्याचा श्वासही ऐकू येतो, कारण मोकळ्या तंतूंमध्ये आवाजाची लाट शिरली की घर्षणात जिरून जाते. स्पीकरच्या पेटीत लोकर, फायबर भरतात ते ह्याच्यासाठीच, माझ्या पेटीत आमच्याच वावरातली रुई आहे. मग भाव येतो, गाडी भरते, खोली रिकामी होते अन् सगळं टणटण वाजायला लागतं. भाव चढला की घरचे खुश अन् मी अर्धा खुश, अन् कवेलू आहेत म्हणून तेवढं तरी निभतं, स्लॅबच्या घरात याहून बेकार होतं. ब्रिग्ज कापडातला माणूस, त्याला हे सांगितलं असतं तर समजलं असतं.

एक बोलून घेतो, लोकांना राग आला तरी चालेल. दहा-दहा हजाराची पॉवर केबल घेणारे मला फोन करतात अन् विचारलं की अर्थिंग आहे का, तर गप्प. आमच्याकडं हंगामात मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज १७० वर येतं, रात्री उडी मारून वर जातं, तिथं केबल काय करणार? खड्डा खणा, मीठ-कोळसा टाका, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा, चांगला स्टॅबिलायझर लावा. मग केबलचं बघू, अन् खरं सांगू, मग केबलचं बघायची इच्छाच राहत नाही.

परवा ट्रॅक्टर मेकॅनिकचा पोरगा आला होता, दहावीतला, म्हणे काका मलाही अशी सिस्टीम करायची, किती पैसे लागतील. त्याला मल्टिमीटर दिला, एक जळालेला ४४४० चा बोर्ड दिला अन् सांगितलं हा का जळाला ते शोधून सांग, आणि एकादशीला भजनात खंजेरीवाल्याच्या शेजारी जाऊन बस. बोर्ड त्यानं आणून दिलाय, उलटी बॅटरी लागली होती म्हणून बरोबर सांगितलं. भजनाला अजून गेला नाही, मोबाइलवर ऐकतो म्हणे.